खोली आहे, यंत्रं आहेत, माणूस कुठे आहे?

विद्यापीठाला खर्च कमी करायचा असला की पहिली नजर बहुतेक वेळा भाषांवर जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने सुमारे साडेचार कोटी डॉलरची तूट भरून काढण्यासाठी परदेशी भाषांचा अख्खा विभागच बंद करायचा प्रस्ताव मांडला. बरीच ओरड झाली, तेव्हा स्पॅनिश आणि चिनी शिकवणारे मोजके शिक्षक वाचले. भाषांच्या पदव्या मात्र गेल्या. विद्यार्थ्यांची भाषेची गरज ऑनलाइन मार्गांनी भागवता येईल, असाही सूर त्या चर्चेत होता. त्याच देशातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या वर्गांतली नोंदणी २०१६ ते २०२१ या काळात १६.६ टक्क्यांनी घटली होती, त्यामुळे कात्री चालवणाऱ्यांच्या हाती आकडाही होता.

असा प्रस्ताव एकदा आला की त्याची झळ विभागापुरती राहत नाही. विद्यापीठातलं भाषा केंद्रही त्याच रांगेत उभं राहतं, आणि त्याची बाजू मांडायला तर कोणी प्राध्यापकही नसतो. फोनमध्ये फुकट अ‍ॅप आहे, बोललेलं तिथल्या तिथे भाषांतर करून देणारं यंत्र आहे, हव्या त्या भाषेतले हजारो व्हिडिओ आहेत. मग एवढी जागा, वीज आणि पगार कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. भाषा केंद्राच्या बाजूने बोलणारे त्याला बहुधा 'संस्कृतींमधला सेतू' वगैरे शब्दांनी उत्तर देतात. तेवढ्याने कोणत्याही वित्त अधिकाऱ्याचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. माझं म्हणणं असं की भाषा केंद्र हवंच, पण ज्या गोष्टींवर ते आज पैसा आणि अभिमान खर्च करतं त्यातल्या बऱ्याचशा नसल्या तरी चालतील. जी एक गोष्ट टाळून चालणार नाही, तीच बहुतेक ठिकाणी अर्धवेळ, हंगामी किंवा 'जमेल तशी' चाललेली असते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचं नेमकं कुठे अडतंय ते शोधणारा माणूस, ही ती गोष्ट.

आधी विभाग आणि केंद्र यांतला फरक. विभाग पदवी देतो, साहित्य शिकवतो, संशोधन करतो. केंद्राकडे येणाऱ्याला त्या भाषेत पदवी नको असते. रसायनशास्त्राच्या संशोधकाला जुने जर्मन शोधनिबंध वाचायचे असतात. एखादीला सहा महिन्यांसाठी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जायचं असतं. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला इथल्या अध्यापनाच्या भाषेत प्रबंध लिहायचा असतो आणि वर्गात प्रश्न विचारताना त्याची जीभ अडखळते. कार्यालयातल्या एखाद्या कर्मचाऱ्याला नुसती हौस असते. या सगळ्यांसाठी केंद्रात स्तर ठरवणारी चाचणी असते, श्रेयांक नसलेले वर्ग असतात, स्वयंअध्ययनाची खोली असते, संभाषण गट असतात, लेखनासाठी मदत असते. कागदावर यादी भरगच्च दिसते.

कागदावरची ही यादी फसवी ठरते, कारण केंद्रांना पहिल्यापासून यंत्रांचा मोह आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल विद्यापीठात १९०८ मध्येच फोनोग्राफ वापरून उच्चार शिकवणारी प्रयोगशाळा होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला झटपट दुभाषे हवे होते, तेव्हा १९४३ पासून तिथल्या विद्यापीठांत सैनिकांसाठी खास भाषावर्ग चालले. त्यांच्या यशाचं श्रेय नंतर 'पद्धती'ला दिलं गेलं: ऐका, म्हणा, पुन्हा म्हणा. पण त्या वर्गांत शिकणारे मोजकेच असत, आठवड्याचे तास भरपूर असत आणि समोर ती भाषा मातृभाषा असलेला माणूस बसलेला असे. युद्ध संपल्यावर पद्धत उचलली गेली आणि माणूस मागे राहिला. त्याच्या जागी टेप आली.

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून पैसा वाहू लागला, आणि त्यातून शाळा-महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळांचं पीक आलं. लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात हेडफोन आणि मायक्रोफोन, समोर शिक्षकाचं नियंत्रण टेबल. शिक्षकाने बटण दाबलं की तो कोणत्याही एका विद्यार्थ्याचं बोलणं ऐकू शके. कोणत्याही एका! तीस कप्पे आणि तासभर वेळ असेल, तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. उरलेली अठ्ठावन्न मिनिटं विद्यार्थी चुकीचा उच्चार मोठ्या निष्ठेने गिरवत बसायचा.

या गुंतवणुकीचं फळ तपासणारा कीटिंग या संशोधकाचा अभ्यास १९६३ मध्ये आला आणि प्रयोगशाळेच्या भक्तांना घाम फुटला, कारण ती नसलेले विद्यार्थी काही बाबतींत सरस ठरले होते. त्यावर बरीच टीका झाली, काही योग्यही होती. मग पेन्सिल्व्हेनियातल्या शाळांमध्ये कित्येक वर्षं चाललेला मोठा प्रकल्प झाला. त्यातही प्रयोगशाळेमुळे म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही. १९७० नंतर कप्पे धूळ खात पडले. पण धडा घेतला गेला का? नाही. कॅसेट गेली, सीडी आली, संगणक आले, आता 'स्मार्ट' लागलं. उद्घाटनाची फीत तेवढी दरवेळी नवी असते.

यंत्राचा राग धरावा असं मला वाटत नाही. टेप वाईट नव्हती. तिला ऐकता येत नव्हतं, इतकंच.

१९७० च्या दशकात फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठात वेगळी गोष्ट घडत होती. तिथल्या क्रापेल या केंद्राने शिकणाऱ्यालाच विचारायला सुरुवात केली: तुला ही भाषा कशासाठी हवी, किती वेळ देऊ शकतोस, कशाने शिकायचं आणि जमलं की नाही हे तू कसं ओळखशील? केंद्राचे प्रमुख आंरी ओलेक यांनी युरोपीय परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात स्वायत्ततेची व्याख्या केली: स्वतःच्या शिकण्याची जबाबदारी स्वतः घेण्याची क्षमता. पुढे जगभर उघडलेल्या स्वयंअध्ययन केंद्रांमागे ही कल्पना आहे. पण बहुतेक ठिकाणी तिचं अर्धंच अंग पोचलं. ही क्षमता उपजत नसते, ती शिकवावी लागते, असंही ओलेक यांचं म्हणणं होतं; म्हणून नान्सीत सल्लागाराशी नियमित बैठका होत. बाकीच्यांनी कपाटं भरली, दाराला 'स्वयंअध्ययन कक्ष' अशी पाटी लावली आणि सल्लागाराचं पद मंजूर करायचं राहून गेलं. स्वायत्त म्हणजे एकटा, असा सोयीचा अर्थ लागला. तो स्वस्तही पडतो.

सल्लागार नेमकं काय करतो, हे जवळून पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. समजा, फ्रेंच शिकणारी एक विद्यार्थिनी येते. दोन स्तर पूर्ण झालेत, गुण चांगले आहेत. तक्रार एकच: "चित्रपट लावला की काहीच कळत नाही. माझा शब्दसंग्रह कमी पडतो." तिने त्यावर उपायही काढलाय, रोज अ‍ॅपवर वीस नवे शब्द. सल्लागार तिला एक छोटा संवाद ऐकवतो, अर्ध्या मिनिटाचा, खाली अक्षरं न दाखवता. ऐकू येईल ते लिही म्हणतो. कागदावर चार शब्द येतात. मग तो त्याच संवादाचा लेखी मजकूर पुढे ठेवतो. ती चकित होते, कारण त्यात एकही अनोळखी शब्द नाही. 'मला माहीत नाही' हे वाक्य ती 'ज न से पा' असं सुटं सुटं शिकली आहे. पडद्यावरचा माणूस घाईत 'शेपा' म्हणून मोकळा होतो. शब्दसंग्रह कमी नव्हताच, बोलताना शब्द एकमेकांत कसे मिसळतात याची कानाला सवय नव्हती. रोज वीस शब्दांनी ती वर्षभरात हजारो शब्द गोळा करेल आणि चित्रपट तेवढाच अंधारात राहील. आता तिला दुसरा उद्योग मिळतो: रोज पाच मिनिटं, एकच छोटा तुकडा, ऐकून लिहायचा आणि मजकुराशी ताडून पाहायचा. तीन आठवड्यांनी परत ये.

यात यंत्र आहे, अ‍ॅपही आहे. पण निदान माणसाने केलं, आणि तेही तिच्या सांगण्यावर विसंबून न राहता. शिकणाऱ्याला दुखतं कुठे ते सांगता येतं. का दुखतं याचा त्याचा अंदाज पुष्कळदा चुकतो.

तासांचा हिशेब केला की हे काम अधिक निकडीचं वाटू लागतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कामापुरतं प्रावीण्य येण्यासाठी स्पॅनिश किंवा फ्रेंचला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना २२०० तास, असा तिचा बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा आहे. विद्यापीठातला वर्ग आठवड्याला तीन तास आणि सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर ४५ तास होतात. त्या अधिकाऱ्यांचं लक्ष्य उंच असतं हे मान्य, पण निम्म्यावर समाधान मानलं तरी वर्ग पुरा पडत नाही. म्हणजे भाषा येणार असेल तर ती बहुतांशी वर्गाबाहेर येणार. त्या बाहेरच्या शेकडो तासांची विद्यापीठात काळजी कोणाकडे? विभागाकडे नाही, परीक्षा विभागाकडे तर नाहीच. केंद्राचं खरं क्षेत्र ते आहे, आणि केंद्रं मात्र आणखी एक ४५ तासांचा वर्ग उघडून समाधान मानतात.

शिवाय वरचे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत, हे बहुतेक जण ते उद्धृत करताना विसरतात. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नामाला मागून प्रत्यय लागतात. मराठी माणसाला यात डोक्यावर उभं राहावं लागत नाही. चिनीत महाप्राण आणि अल्पप्राण व्यंजनांनी शब्द बदलतो. 'काल' आणि 'खाल' रोज वेगळे ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या दिवशी पकडता येतो. चिनीतले सूर मात्र त्यालाही नवे, आणि जपानीच्या २१३६ नित्यवापराच्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरचिन्हं, कोणालाच माफ नाहीत. पाठ्यपुस्तकं आणि अ‍ॅप मात्र सर्वांना त्याच क्रमाने नेतात: जे सोपं आहे तिथे रेंगाळवतात आणि जे अवघड आहे तिथून पळवतात. समोरचा कोणती भाषा घेऊन आलाय हे विचारणारा सल्लागार यातला बराच वेळ वाचवू शकतो.

आता अ‍ॅपवाल्यांचं म्हणणं. शिकलेलं आपण किती वेगाने विसरतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. विसरायच्या बेतात असताना उजळणी करून घेणं हे काम फोन कोणत्याही शिक्षकापेक्षा चांगलं करतो. केंद्रांनी शब्द पाठ करून घेण्याचा धंदा खुशाल सोडून द्यावा. पण सगळ्यात दमदार आक्षेप नव्या बोलत्या यंत्रांचा आहे. टेपला ऐकता येत नव्हतं; याला येतं. ते रात्री दोन वाजताही बोलतं, कंटाळत नाही, हसत नाही. लाजऱ्या विद्यार्थ्यासाठी हे वरदान आहे आणि केंद्रानेच ते वापरायला शिकवलं पाहिजे.

तरीही दोन अडचणी उरतात. पहिली म्हणजे यंत्र फार समजूतदार असतं. वाक्य मोडकं असलं तरी ते अर्थ काढतं आणि संभाषण पुढे नेतं. चुका दाखव म्हटलं तर दाखवेलही, पण कोणत्या चुकीकडे आत्ता पाहायचं आणि कोणती सध्या सोडायची, हे विचारायला हवं असं शिकणाऱ्याला सुचत नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकूनही मुलांच्या बोलण्या-लिहिण्यात ढोबळ चुका राहिल्या होत्या. मोडक्या भाषेवर त्यांचं भागत होतं आणि नेमकं बोलायला भाग पाडणारं कोणी नव्हतं. दुसरी अडचण साधी आहे: भाषा शिकणारा शेवटी माणसांशी बोलायला शिकत असतो. अधिकाऱ्यापुढे, रुग्णापुढे, भर चर्चासत्रात अनोळखी लोकांपुढे बोलताना पोटात जो गोळा येतो, तो यंत्रासमोर येत नाही. गोळ्यासकट बोलायचा सराव माणसांतच होतो.

हा सराव स्वस्तात मिळण्याचा एक जुना मार्ग आहे. फ्रान्स आणि जर्मनीच्या १९६३ च्या करारानंतर दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटीगाठी वाढल्या, आणि त्यांतून भाषेच्या जोड्यांची पद्धत रुजली: तू मला तुझी शिकव, मी तुला माझी. विद्यापीठात परदेशी विद्यार्थी असतातच, म्हणून केंद्रं फलकावर दोन नावं जोडून मोकळी होतात. पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. दोघांपैकी ज्याची दुसरी भाषा जास्त चांगली, त्याच्या सोयीने सगळं बोलणं एकाच भाषेत घसरतं. एकाचा सराव होतो, दुसरा सौजन्य म्हणून येत राहतो आणि महिन्याभरात येईनासा होतो. वेळ निम्मा-निम्मा वाटून घड्याळ लावणं, पहिल्या काही भेटींना विषय देणं, तिसऱ्या आठवड्यात दोघांना वेगवेगळं गाठून विचारणं, एवढ्याने जोड्या टिकतात. पण हे करायला पुन्हा कोणीतरी पगारी माणूस लागतो.

आणि इथे गाडी अडते. विद्यापीठात शिक्षकाचे तास मोजले जातात. सल्ल्याचे, जोड्या लावण्याचे, प्रबंधाच्या मसुद्यावर बसण्याचे तास कोणत्याही तक्त्यात बसत नाहीत. जे मोजलं जात नाही ते कंत्राटावरच्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतं. तो ते वर्षभर जीव लावून करतो आणि कंत्राट संपलं की निघून जातो. त्याच्याबरोबर शिकणाऱ्यांची सगळी माहितीही जाते.

दुसरीकडे केंद्राला सांगितलं जातं, स्वतःचा खर्च स्वतः काढा. ऐकायला हे शिस्तीचं वाटतं, पण त्याचा परिणाम ठरलेला असतो. फी घेऊन चालणाऱ्या केंद्रात लोकप्रिय भाषेचे पहिल्या स्तराचे वर्ग भरून वाहतात, दुसऱ्याला निम्मे उरतात, तिसरा स्तर 'पुरेशी संख्या नाही' म्हणून रद्द होतो. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाप्रावीण्याच्या चौकटीत सहा पायऱ्या आहेत. असलं केंद्र वर्षानुवर्षं हजारो लोकांना पहिल्या पायरीवर चढवतं आणि तिथेच उतरवतं. पहिल्या पायरीवरची भाषा वर्षभरात विसरून जाते. म्हणजे स्वतःचा खर्च काढणारं केंद्र हिशेबात फायद्याचं आणि शिक्षणात जवळजवळ पूर्ण तोट्याचं. लहान भाषांना तर तिथे जागाच उरत नाही. खरं तर दोन-तीन विद्यार्थ्यांसाठीही सोय करता येते: चांगलं साहित्य, आठवड्यातून काही तास मातृभाषक मार्गदर्शक आणि सत्राअखेरीस बाहेरचा परीक्षक. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी दुर्मिळ भाषा याच पद्धतीने शिकवल्या आहेत.

ग्रंथालयाला कोणी विचारत नाही की या पुस्तकाने किती कमाई केली. भाषा केंद्राचा खर्च त्याच खात्यात जायला हवा, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी फीशिवाय. फुकट असलं की लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत, हे खरं आहे. त्यासाठी परत मिळणारी अनामत घ्यावी. बाहेरच्यांकडून आणि प्रमाणपत्र परीक्षांसाठी जरूर पैसे घ्यावेत. हे सगळं परवडत नसेल तर वर्ग कमी करावेत, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. पहिल्या स्तराचे चार वर्ग बंद करून एक पूर्णवेळ सल्लागार ठेवणं हा मला चांगला सौदा वाटतो. वर्ग बाहेरही मिळतात, असा माणूस मिळत नाही.

मात्र मग हिशेबही तसाच मागायला हवा. बहुतेक केंद्रांच्या वार्षिक अहवालात नोंदणीचे आकडे, वाटलेली प्रमाणपत्रं आणि उद्घाटनाचे फोटो असतात. त्याऐवजी पहिल्या स्तराला आलेल्यांपैकी किती जण तिसऱ्यापर्यंत पोचले, सल्ल्याला एकदा आलेले किती जण पुन्हा आले, वेळ मिळायला किती दिवस थांबावं लागलं, किती जोड्या सत्रभर टिकल्या आणि सगळे तास संपल्यावर संध्याकाळी केंद्र किती वेळ उघडं होतं, हे छापावं. यातले काही आकडे लाजिरवाणे निघतील, विशेषतः पहिल्या वर्षी. आणि पुढच्या अंदाजपत्रकात 'स्मार्ट भाषा प्रयोगशाळा' अशी ओळ दिसली, तर मंजुरीचा हात वर करण्याआधी विद्या परिषदेतल्या कोणीतरी उठून एवढं विचारावं की त्या खोलीत बसणाऱ्या सल्लागाराचं पद किती वर्षांसाठी भरलंय.